दुसऱ्या समुद्राच्या नावानं

सकाळचा चहा चालला होता. गोदाबाईनं बशी फुंकली, एक घोट घेतला आणि पोह्यांत मीठ कमी पडलंय का असं विचारावं तितक्या सहज विचारलं, "मंग, तुमी परत कवा निघायचं म्हनताय?" विठ्ठलच्या हातातली खारी मधोमध तुटली, चहात पडली आणि तळाला गेली.

आता चहात खारी बुडणं ही काही वर्तमानपत्रात छापण्याजोगी घटना नव्हे. पण विठ्ठल चमच्यानं ती शोधत राहिला आणि शोधता शोधता त्याच्या पोटात काहीतरी तसंच भिजून खाली बसलं. कारण निघायचं होतं ते गोदाबाईला. व्हिजिट व्हिसा तिचा, परतीचं तिकीट तिचं, तिकिटाच्या काळजीनं दिवसातून दोनदा पिशवी उघडून बघणारीही तीच. विठ्ठल कुठं निघणार? उभ्या संसारात तो गावाहून निघून जिथं गेला ते हेच बहारीन. पण सवय मोठी वाईट. लग्न झाल्यापासून नवरा समोर बसून चहा पितोय म्हणजे तो रजेवर आलाय, आणि रजेवर आलाय म्हणजे तो जाणार आहे, एवढं गोदाबाईच्या जिभेला पाठ झालं होतं. देश बदलला म्हणून जीभ थोडीच बदलते. चूक ध्यानात आल्यावर तिनं पदर तोंडाला लावला. "आगं बया! जायाचं तर मला हाय की!" म्हणाली, हसली आणि कपबशा विसळायला उठली. विठ्ठलही हसला. ते हसू मग त्याच्या तोंडावर तसंच राहिलं. वळण संपून गाडी सरळ रस्त्याला लागावी आणि इंडिकेटर बंद करायचा राहून जावा, तसं टिकटिकत राहिलं.

विठ्ठल बसचा ड्रायव्हर होता. 'होता' हा शब्द त्याला अजून चावायला जड जात होता. मआमीरजवळच्या कॅम्पातून पहाटे कामगार भरायचे, कारखान्याच्या गेटावर ओतायचे, संध्याकाळी परत भरायचे. साठी झाली तशी कंपनीनं प्रेमानं एक कॉफीचा मग दिला, एक शाल दिली, समुद्रकाठच्या एका रिसॉर्टचा दोघांसाठी डे-पास दिला आणि व्हिसा पुढं वाढवणार नाही असंही त्याच दमात सांगितलं. महिनाअखेर खलास. आयुष्यभर लेबर कॅम्पात वरच्या खाटेवर झोपलेल्या माणसानं बायको आणायची कुठं, हा प्रश्न कंपनीचे इंजिनिअर सागरसाहेब आणि त्यांच्या पत्नी इरावतीबाईंनी सोडवला. ते दोघं सुट्टीवर गेले आणि उम्म अल हस्समचा आपला फ्लॅट कुंड्यांना पाणी घालायच्या बोलीवर विठ्ठलच्या हवाली करून गेले. "काकूंना एकदा दाखवा तरी बहारीन," इरावतीबाई म्हणाल्या होत्या. तेव्हा गोदाबाई बहारीन बघायला आली होती. तिला तेवढंच माहीत होतं. नवऱ्याची नोकरी संपली, हे माहीत नव्हतं.

सांगायचं नाही असं काही विठ्ठलनं ठरवलेलं नव्हतं. सांगायच्या आधी त्याला एक विचारायचं होतं, आणि जे विचारायचं ते विचारण्यासारखं नव्हतं. मी कायमचा घरी आलो तर चालेल का? स्वतःच्या घरी, स्वतःच्या बायकोला हे कसं विचारतात? फोनवर तर विचारताच येत नव्हतं. फोनवर मागं कोणीतरी असायचंच, नाहीतर चेहरा गोठून नुसता आवाज यायचा. म्हणून त्यानं तिला समोरासमोर बोलावून घेतलं. ती आली, फ्लॅटमधले इरावतीबाईंचे मसाल्याचे डबे तिनं स्वतःच्या क्रमानं लावले, लिफ्टला घाबरायची बंद झाली, आणि तरी विठ्ठलचं विचारणं होईना. तिकडं कंपनीतल्या यासीननं त्याच्यासाठी एक काम बघून ठेवलं होतं. शाळेची गाडी, व्हिसा नव्या मालकाचा, दोन वर्षं बिनघोर. "आज मगरिबच्या आत होय-नाय सांगा, विठ्ठलभाऊ. मालक थांबत नाय, इथं एका खुर्चीला दहा ड्रायव्हर लागलेत." म्हणजे आज सूर्य बुडेपर्यंत. आणि आज सकाळीच बायकोनं विचारलं, परत कवा निघायचं म्हनताय.

यासीन श्रीवर्धनचा. कंपनीत गाड्यांच्या फेऱ्या लावायचा आणि उरलेल्या वेळात लोकांची तोंडं बघून बोलायचा. डे-पासच्या दिवशी झल्लाकच्या त्या रिसॉर्टला सोडायला तोच आला. "सलाम, भाभी! काय विठ्ठलभाऊ, बायको आली तर माणसाच्या तोंडावर नूर चढतो. तुमच्या तोंडावर तर पासपोर्टचा फोटू चिकटवलाय."

"त्यांचं त्वांड पयल्यापासनं तसंच हाय, भावजी," मागच्या सीटवरून गोदाबाई म्हणाली. "लग्नाच्या फोटूत बी तसंच."

यासीन स्टिअरिंगवर हात आपटून हसला. विठ्ठल त्याच्या शेजारी बसून उजवा पाय अधूनमधून तळाशी दाबत होता. तिथं ब्रेक नव्हता. रिफा मागं पडलं, दोन्ही बाजूंची घरं विरळ झाली, पिवळी जमीन पसरली. बायकोशी यासीन दोन वाक्यांत जेवढं बोलला तेवढं आपण आठ दिवसांत बोललो का, असा एक हिशेब विठ्ठलच्या डोक्यात सुरू झाला आणि लागलीच त्यानं तो सोडून दिला. मागं आरशात बघायची त्याची जुनी खोड, पण आज आरसा यासीनच्या बाजूला वळलेला होता. त्यात गोदाबाई दिसत नव्हती, नुसता तिच्या हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता. उतरताना यासीन त्याच्या कानाशी लागला, "बोललात काय?" विठ्ठलनं मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते मानेलाच ठाऊक.

रिसॉर्टच्या दाराशी पांढऱ्याशुभ्र भिंती होत्या, निळी दारं होती, आणि मोठमोठ्या मातीच्या कुंड्यांत ऑलिव्हची झाडं, खाली थंडगार नळ्या सोडून जिवंत ठेवलेली. भिंतीवर लिहिलं होतं की इथं भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याचा अनुभव मिळेल. हातात पट्टे बांधणाऱ्या बाईला विठ्ठलनं हिंदीत विचारलं की हा कुठला समुद्र. ती केरळची होती, पण हिंदी चांगलं बोलत होती. "वो दूसरा समुंदर है, अंकल. दूर है. बहुत अच्छा है, इसलिए."

"मंग ह्येच्यात काय खोट हाय?" गोदाबाईनं विचारलं. ते विठ्ठलनं काही भाषांतर केलं नाही. पण त्याला त्या समुद्राची दया आली. आपल्या जागी पसरलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि याच्या दारावर पाटी दुसऱ्याच्या नावाची. सागरसाहेबांच्या फ्लॅटची घंटा वाजली की दार उघडून "साहेब नाहीत, मी विठ्ठल," असं सांगावं लागतं. या समुद्रालाही तसंच काहीतरी सांगावंसं वाटत असेल.

सोयी मात्र उदंड. एक लहान टॉवेल, एक मोठा टॉवेल आणि एक असा की जो टॉवेल आहे की चादर हे ठरवायला दोघांना वेळ लागला. कपाटाला किल्ली नव्हती. हातातला पट्टा दाखवला की ते उघडायचं, आणि गोदाबाईनं ते उघडून, मिटून, उघडून पाहिलं आणि आत चपलांची एक जोडी ठेवली. पाय धुवायला वेगळा नळ, अंग धुवायला वेगळा, आणि समुद्रात जाण्याआधी धुवायचं की आल्यावर, याची चित्रं. आंघोळीची खोली एवढी लख्ख की गोदाबाई आत गेली आणि तशीच बाहेर आली. "तितं कुनी ऱ्हातंय वाटतं," म्हणाली. किनाऱ्यावर झावळ्यांच्या छत्र्या, छत्रीखाली दोन दोन खाटा, खाटांच्या मध्ये एक मेज, आणि वाळूत रोवलेली एक पाटी : हा शांत विभाग आहे, कृपया आवाज करू नये. मंगळवार होता. माणसं जवळजवळ नव्हतीच. वारा थंड होता, ऊन कोवळं होतं, लाटा नव्हत्या. समुद्रसुद्धा पाटी वाचून आला असावा.

विठ्ठलला खाटेवर आडवं होता येईना. दिवसाउजेडी, चारचौघांत, पायात मोजे असताना आडवं व्हायचं म्हणजे माणूस आजारी तरी असला पाहिजे नाहीतर मेलेला. तो काठावर बसला, बसथांब्यावर बसतात तसा. गोदाबाईनं खाटेचं मागचं फळकूट वर-खाली करून पाहिलं, ते टक् टक् वाजलं तशी घाबरून पाटीकडं बघितलं आणि वाळूवर मांडी घालून बसली. खाटेवर तिनं पिशवी ठेवली. अशा रीतीनं कंपनीनं दिलेल्या दोन खाटांपैकी एकीवर अर्धा विठ्ठल आणि दुसरीवर पिशवी, असा डे-पास सुरू झाला.

पलीकडच्या छत्रीखाली गोऱ्यांचं एक म्हातारं जोडपं होतं. त्याच्या तोंडावर पुस्तक उपडं पडलेलं, तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा. विठ्ठल त्यांच्याकडं चोरून बघत राहिला. ती दोघं बोलत नव्हती. मध्येच तिनं न बघता हात लांब केला आणि त्यानं न बघता पाण्याची बाटली त्या हातात दिली. हे वर्षाचे बारा महिने एकत्र राहणारं जोडपं असणार, विठ्ठलनं मनाशी ठरवलं. इतकं न बोलता एका जागी पडून राहायला फार वर्षांचा सराव लागतो. आपल्याला बाटली द्यायची तर आधी "पानी पायजे का" विचारावं लागेल, ती म्हणेल "तुमी घ्या आदी," आपण म्हणू "तू घे," आणि पाणी तसंच राहील. आपला संसार म्हणजे आग्रह नुसता.

रजेतला नवरा हे एक वेगळंच पद आहे. जावयाच्या थोडं वर आणि देवाच्या किंचित खाली. दोन वर्षांतून एकदा दोन महिने. पाटण तालुक्यातल्या त्याच्या डोंगरकुशीतल्या गावात तो एसटीतून उतरला की घरातली चांगली वाकळ त्याची, फुलांची कपबशी त्याची, कोंबडीचं तंगडं त्याचं. त्याला कुणी काही बोलायचं नाही. बांधावरून चुलत्याशी काय झालं ते त्याला सांगायचं नाही, 'चार दिसांसाठी आलंय मानूस'. लेकीच्या, श्रेयाच्या पोटाचं ऑपरेशन त्याला टाके निघाल्यावर कळलं. पोरानं, ऋत्विकनं पुण्याची नोकरी धरली ते कळलं, पण त्याआधी एक सोडली होती ते दुसऱ्याच कुणाच्या तोंडून. विठ्ठलनं विचारलं की गोदाबाई म्हणायची, "समदं बेस हाय. तुमी जेवा." आणि तो जेवायचा. जेवता जेवता त्याला वाटायचं की आपण घराच्या पुढच्या सोप्यातच बसलोय, खरं घर मागं कुठंतरी आहे आणि तिथं अजून कुणी बोलावलेलं नाही. आयुष्यात एकदाही तो आणि गोदाबाई भांडले नव्हते. कॅम्पात कुणी बायकोशी फोनवर कडाकडा भांडत असला की बाकीचे हसायचे; विठ्ठल पांघरूण डोक्यावर घेऊन ऐकायचा. त्याला त्या माणसाचा हेवा वाटायचा. भांडायला वेळ लागतो, रुसायला त्याहून लागतो, आणि रुसवा निघेपर्यंत थांबायचं तर परतीचं तिकीट चुकतं.

"आवं, ह्ये काय दिलंय? बोरं खारवल्याली?" जेवणाच्या ताटलीतलं ऑलिव्ह गोदाबाईनं बोटात धरलं होतं.

"त्येला ऑलिव्ह म्हणतात. भायर झाडं न्हाईत का कुंडीत, त्येचं."

तिनं चावलं, गिळलं, आणि पाहुण्याघरी करतात तसा चेहरा केला. "चांगलं हाय." मग थोड्या वेळानं, "तुमी खावा माजं बी." विठ्ठलला ते मुळीच आवडत नव्हतं. त्यानं तिची सगळी खाल्ली. हेच ते. हेच त्याला आता उठून वाळूत पाय आपटत सांगावंसं वाटलं, की बये, वाईट आहे तर वाईट म्हण ना. पण शांत विभाग होता.

खिशातला फोन त्यानं काढून बघितला. सूर्य अजून वर होता, पण उतरणीला लागला होता. तो उठला, नळापर्यंत गेला, नळ बघून परत आला. पुन्हा उठला, पाटी वाचून आला. पाठीमागून कोणीतरी फार हलक्या बोटांनी ढकलतंय असं वाटत होतं. मनगटावरचा पट्टा खाजत होता. त्याला ती दुपार आठवली, जी तो सहसा आठवू देत नसे. एका रजेला विमान आधीचं मिळालं आणि तो न कळवता एक दिवस आधी गावी पोचला. मागच्या दारानं आला. चुलीपुढं गोदाबाई आणि शेजारच्या दोघीतिघी बसल्या होत्या. गोदाबाईच्या डोक्यावर पदर नव्हता, हातात भाकरीचा तुकडा होता, त्यावर नुसती चटणी, आणि ती हसत होती. असं हसणं विठ्ठलनं तिच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं. गडगडून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढून. कुणाची तरी नक्कल करत होती ती. दारात तो दिसला आणि ते हसू असं बंद झालं की कुणी बटण दाबावं. पदर वर गेला, भाकरीचा तुकडा खाली गेला, बाया उठल्या, "आलं का दाजी, आलं का" करत निघून गेल्या. क्षणात सगळं बेस झालं. त्या दिवसापासून विठ्ठलच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली, की आपण नसतो तेव्हा त्या घरात काहीतरी चांगलं चाललेलं असतं आणि आपण गेलो की ते थांबतं. दोन महिने थांबतं म्हणून चालून जातं. कायमचं थांबवायला आपण जायचं का?

यासीनला हे त्यानं एकदा अर्धवट सांगितलं होतं. यासीन म्हणाला होता, "भाऊ, तुम्ही बसच्या आरशात बघून बघून असे झालात. सगळं मागंच दिसतं तुम्हाला."

मान वर केली तर वाळूवर गोदाबाई नव्हती. त्यानं छत्र्यांखाली बघितलं, नळापाशी बघितलं. मग ती दिसली. पाण्यात होती. लुगडं पिंढऱ्यांपर्यंत वर खोचून ती सरळ आत चालली होती, पाणी फारसं न हलवता, शेतात चिखलणीला उतरावं तशी. आयुष्यात कधी समुद्रात न उतरलेली बाई. विठ्ठल पळत सुटला. मोजे काढायचे राहिले, पँट वर करायची राहिली. "आगं! आगं थांब! खोल आसंल!"

"कसलं खोल!" ती मागं न वळता म्हणाली. "कवाधरनं चालतीया, गुडघ्यालाच हाय. वढ्याला बी ह्यापरास पानी आसतंय."

खरंच होतं. तिकडचा समुद्र तसाच, जावं तितका उथळ. मोज्यांत पाणी शिरून पायाला दोन पिशव्या बांधल्यासारखं झालं होतं. तो तिच्या मागं दोन पावलांवर थांबला. किनारा लांब राहिला होता, छत्र्या लहान झाल्या होत्या, गोरं जोडपं दोन ठिपके झालं होतं. समोर धुक्यासारख्या उजेडात सौदीची बाजू होती, आणि तिकडंच सूर्य उतरत चालला होता. इथं आसपास कुणी नाही, दार नाही, सोपा नाही, चहाची बशी नाही. आता नाही विचारलं तर मगरिब होईल.

पण विचारायचं ते त्याच्या तोंडून निघालंच नाही. निघालं ते दुसरंच. "यासीननं एक काम बघितलंय. शाळंची गाडी. दोन वर्षं." आता ती बोलेल. ती म्हणेल, आता पुरे. ती म्हणेल, किती वर्षं करणार. काहीतरी म्हणेल.

"घ्या की," गोदाबाई म्हणाली.

एखादी मासोळी पायाला चाटून गेली असावी, ती खाली पाण्यात बघत होती. आवाजात काही नव्हतं. 'तुमी जेवा' म्हणताना असायचा तोच आवाज. विठ्ठलच्या पोटात सकाळपासून भिजून बसलेलं जे काही होतं, ते आणखी खाली गेलं. झालं तर मग. उत्तर मिळालं. दोन वर्षं. मग आणखी दोन. वरची खाट. त्यानं वळायचं ठरवलं आणि पाय वळेनात. ओल्या मोज्यांनी वाळू धरली होती.

"मंग सांगतो यासीनला व्हय म्हणून."

"सांगा की."

"सांगतो."

दोघंही हलले नाहीत. आणि मग, का ते त्यालाही कधी सांगता आलं नसतं, विठ्ठलच्या तोंडून ते बाहेर पडलं, घोगऱ्या, जरा मोठ्याच आवाजात. "म्हंजी मी घरी आल्याला नगोच हाय तुला."

गोदाबाईनं मान वर केली. "आसं कवा म्हनलं मी?"

"सकाळीच म्हनलीस. कवा निघायचं म्हनताय म्हून."

"ती जीब घसरली!"

"जीब घसरती ती खऱ्यावरच घसरती. माजा व्हिसा संपलाय, गोदे. म्हैनाअखेरीला. साठ झाली, कंपनीनं सोडलं. म्हून तुला आणली. इचारायला. कायमचा येऊ का नगो."

हे सगळं एका दमात झालं. लग्नानंतर त्यानं तिला नावानं हाक मारायची ही पहिलीच वेळ असावी. पण ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही, कारण गोदाबाईचं ध्यान दुसरीकडं गेलं होतं. तिचे डोळे बारीक झाले. "कुनाकुनाला ठावं हाय ह्ये?"

"कुनाला म्हंजी... यासीनला."

"आजून?"

"सागरसाह्यबाला. इरावतीबाईस्नी. कंपनीत समद्यांस्नी."

"आन मला?"

विठ्ठल ओला मोजा वर ओढायला वाकला.

"मला?" ती ओरडली. पाण्यावरून तो आवाज किनाऱ्यापर्यंत गेला असणार, कारण तिकडं लाल चड्डीतला जीवरक्षक आपल्या उंच खुर्चीत उठून उभा राहिला. "नवऱ्याची नोकरी गेली, आन मी हितं बोरं खातीया? कपाट उगडतीया? त्या बाईच्या कुंड्यांस्नी पानी घालतीया? तिला ठावं, आन मला न्हाय?"

"तू तरी मला काय सांगतीस? श्रेयाचं टाकं निघाल्यावर सांगितलंस!"

"तुमी चार दिसांसाठी येनार, तुमच्या जिवाला घोर कशापायी लावू?"

"चार दिस, चार दिस! मी पावना हाय व्हय? त्या दिशी मी मागच्या दारानं आलो, तर हसायची थांबलीस. मला बगून थांबलीस! आजून काळजात हाय माज्या."

गोदाबाईला आठवायला वेळ लागला नाही. म्हणजे तिच्याही कुठंतरी ते बसलं होतं. "आन काय करू?" तिच्या आवाजाला कापरं भरलं होतं, पण ते रडणं नव्हतं, राग होता, अस्सल, सांभाळून ठेवलेला. "घरात कोंबडी न्हवती. अंडं न्हवतं. सांजच्याला मी आनवनार हुते समदं, आन तुमी एक दिस आदी दारात हुबं! चटनी-भाकरी हुती हातात. दोन वर्सांनी मानूस आलंय आन म्होरं घालायला चटनी! लाजंनं मेले मी त्या दिशी. आन तुमी म्हनताय, हसायची थांबले?"

विठ्ठलनं इतकी वर्षं छातीशी धरून फिरवलेली गोष्ट चटणी-भाकरीची निघावी, याला काय म्हणावं? त्याला आनंद व्हायला हवा होता. पण तो आता चिडला होता आणि चिडणं इतकं बरं वाटत होतं की सोडवेना. "मंग चटनी द्यायची! मी काय कोंबडी खायाला येत हुतो?"

"मला काय ठावं? मला दोन म्हैन्याचा नवरा ठावं हाय. बारा म्हैन्याचा कसा आसतो, काय खातो, कवा रुसतो, मला कुनी सांगितलंय? भ्या वाटतंय मला. तुमी घरात कायमचं आल्यावर मी कशी वागू, काय बोलू... म्हून म्हनलं घ्या की. तुमास्नी गाडीच चालवायची आसंल तर चालवा म्हनलं! तुमी एकदा तरी म्हनला व्हता का, गोदे, मला ऱ्हायाचंय?"

"आत्ता म्हनलो की!"

"यासीनभावजीला सांगून झाल्यावर!"

जीवरक्षकानं शिट्टी वाजवली. आधी लहान, मग लांब. ओठांवर बोट ठेवून झाल्यावर तो दोन्ही हातांनी काहीतरी खाली दाबल्यासारखं करत होता. गोरं जोडपं उठून बसलं होतं. म्हाताऱ्यानं पुस्तक बाजूला ठेवलं होतं आणि दोघं, पहिल्यांदाच, एकमेकांशी काहीतरी बोलत होती. सूर्य पाण्याला टेकला होता. विठ्ठलच्या खिशात फोन थरथरू लागला. त्यानं तो काढला, पडद्यावर यासीनचं नाव होतं, आणि त्याचा अंगठा हिरव्या आणि लाल खुणेच्या मध्ये अडकला. काय सांगायचं याला? होय? नाही? अजून थोडा वेळ?

गोदाबाईनं दोन पावलं टाकली, पाणी उडवत, आणि फोन त्याच्या हातातून काढून घेतला. त्याच्या वस्तूला तिनं अशी न विचारता कधी हात लावला नव्हता.

"हां, भावजी, मी बोलतीया. न्हाय, त्यास्नी येळ न्हाय आत्ता. ती शाळंची गाडी दुसऱ्या कुनाला द्या... व्हय, व्हय, मीच सांगतीया. आमचं भांडान लागलंय न्हवं का. कुटं म्हंजी? पान्यात... आन मिटवायला येऊ नगा घाईनं. आत्ताशी कुटं सुरू झालंय."